आक्काची काचेची टाकी

सत्तरीला टेकलेली आक्का हट्टाला पेटली होती. जन्मभर डोक्यावर घमेली वाहून तिने दुसऱ्यांची घरं उभी केली होती. आता आपल्या घरात तिला मासे हवे होते, तेही पाच फुटी टाकीत. टाकी दारात आली आणि लेकाचा धीर सुटला.

"आई, भरल्यावर साडेपाचशे किलो होईल. जमीन खचली तर मासे खालच्या शिंप्याच्या मशीनवर पोहतील! परत पाठवतो."

"खोलीच्या मधोमध नकोच. या भिंतीला लावून ठेव, खाली बीम आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"ही स्लॅब ओतली तेव्हा घमेली मीच वाहिली. बाकी स्लॅब वीतभरसुद्धा जाड नाही. इथे मात्र हातभर खोल माल रिचवला. माझी मान विसरलेली नाही."

लेकाने इंजिनियरला बोलावलं. त्याने शिंप्याच्या दुकानात शिडीवर चढून खोट्या छताची फळी सरकवली, मापं घेतली, हिशेब केला आणि हसतच वर आला. "आजी, बीम तुम्ही दाखवला तिथेच आहे, आणि दणकट आहे. बिनघोर भरा."

मग काय! आक्का खुर्चीत बसून हुकूम सोडू लागली. लेक, सून, शिंपी, सगळे बादल्या वाहू लागले. टाकी काठोकाठ भरली, पण जमिनीने हूं की चूं केलं नाही.

घाम पुसत शिंपी म्हणाला, "आक्का, तुम्ही मुकादमच व्हायला हवं होतं."

"झालेच की आज!" आक्का म्हणाली.