फटफटीची हलकी चेन

आमच्या घरात दिवस बुडायच्या आत चूल विझायची. निपाणीतल्या आमच्यासारख्या जैन घरांत त्याचं नवल नव्हतं. दिवेलागणीनंतर अन्न नाही, आणि सासूबाईंच्या कडक नेमात पाण्याचा घोटही नाही. पण सासूबाईंनी त्यावर आपली एक भर घातली होती. मुलगा जेवल्याशिवाय त्या पानावर बसत नसत. सासरे गेल्यापासूनचा त्यांचा हा शिरस्ता. त्या माझ्या सख्ख्या आत्याच, त्यामुळे मी त्यांच्याशी भांडू शकत होते आणि भांडतही होते. मी सून, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी, तेव्हा माझा नेम काय हे कुणी मला विचारलंच नाही.

लढाईच्या वर्षांत तंबाखूवर सरकारी कर बसला आणि यांच्या बेळगावच्या खेपा सुरू झाल्या. आमची तंबाखूची वखार होती. परवान्यावर सही घ्यायला कचेरीत जायचं, कारकून बसवून ठेवणार, आणि सुटका होईपर्यंत उन्हं उतरायला लागलेली असायची. हिवाळ्याचे दिवस म्हणजे बघता बघता संपणारे. हे धुळीनं माखून दारात उतरायचे तेव्हा पश्चिमेला नुसती लाली उरलेली असायची. मग हे हातपाय धुऊन तसेच झोपायचे, सासूबाई उपाशी, आणि त्या दोघांच्या पुण्याईनं मीही उपाशी. यांचा स्वतःचा ओढा नेमाकडे फारसा होता असं नाही. बेळगावात मित्रांबरोबर दिव्याच्या उजेडात चहा घेतात हे मला ठाऊक होतं. घरात मात्र आईसमोर, त्यांच्या आव्वासमोर, कधी नेम मोडला नाही.

फटफटी होती मोठी, दोन सिलिंडरची. पलटणीतला एक गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. चालू झाली की वखारीचे पत्रे थरथरायचे. मला तिची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी हे असेच उशिरा आले, आणि दाराशी बसलेल्या सासूबाई उठून आत जाताना उंबऱ्यावरच कोसळल्या. आदल्या दिवशीही त्या उपाशी होत्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मी बरी हाय, त्याला काय बोलू नगंस." मी बोललेच. आत्याला बोलले, यांनाही बोलले. म्हटलं, दोघं मिळून एकमेकांना मारणार आहात. हे पुढच्या खेपेला बेळगावहून आले ते फटफटीची चेन बदलून.

खडेबाजाराच्या मागच्या बोळात यांचा ओळखीचा मिस्त्री होता. जाड चेन ओढण्यातच गाडीचा जोर जातो, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. नवी चेन अरुंद, हलकी. तिच्यासाठी पुढचं-मागचं दातेरी चाकही बदललं होतं. हे लहान पोरासारखे खूश होते. "आता संकेश्वरपासनं उडतच येतोय बघ," मला म्हणाले.

आणि खरंच येऊ लागले. ऊन असताना दारात फटफटी, ऊन असताना पान वाढलेलं. सासूबाई दोन घास जास्त जेवू लागल्या. त्या दिवसांत मी सुखात होते, पण एक गोष्ट मला खुपत होती.

मिस्त्रीनं चेनबरोबर एक डबा दिला होता. हलक्या चेनचे लाड करावे लागतात, ती मधूनमधून काढून रॉकेलनं धुवायची आणि वितळलेल्या चरबीत बुडवून ठेवायची, म्हणाला होता. चरबी! सासूबाईंनी डब्याला नाक लावलं आणि तो चिमट्यात धरून परसाबाहेर फेकून दिला. मोटारीचं ऑईल तेव्हा मिळता मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी त्यांचा विश्वास बसला नसता. "कुठल्या हाडाचं असतंय कुणाला ठावं," त्या म्हणाल्या. "आपल्या घाण्याचं करडीचं तेल घाल की. डोळ्यादेखत काढल्यालं हाय. आधी काय घालत हुतास?"

आधीही हे करडीचंच घालत होते. जुन्या जाड चेनला ते मानवलं होतं. तेल ते तेल, असं हे म्हणाले आणि विषय संपला. आमच्या ओळखीच्या कुठल्याही जैन घरात विषय तिथंच संपला असता.

पण मी स्वयंपाकघरातली बाई. करडीचं तेल सांडलं आणि पुसायचं राहिलं, तर त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. आधी चिकट, मग डिंकासारखं घट्ट, आणि खरवडल्याशिवाय निघत नाही. त्यात आमच्या अंगणात बारा महिने तंबाखूचा भुगा उडायचा. एकदा यांनी चेन काढून धुतली आणि खुंटीला टांगली. ती सरळ लोंबेना. मधल्या काही कड्या आखडल्या होत्या, दुखऱ्या बोटासारख्या वाकड्याच राहिल्या. मी हातानं सरळ करून पाहिल्या. कट्ट असा आवाज झाला आणि मी हात काढून घेतला.

"अहो, जुनी घाला परत," मी म्हटलं.

"ती घातली तर उशीर हुतोय."

"हुऊ दे की."

"आणि आव्वा पडली तर? ह्या हंगामापुरतं गं. मग बघू."

जुनी चेन वखारीत पोत्यात गुंडाळून पडली होती. पण मी फक्त बोलू शकत होते. त्यानंतर हे निघाले की माझा कान त्या आवाजाकडे लागायचा. चेन आधी कुरकुरायची. मग तिला झटके यायला लागले, मधूनच चाकाच्या दात्यावरून घसरल्यासारखी. शेजारच्या बाईला म्हटलं, तर ती हसली. "तुला बरं गं कळतंय यंत्रातलं." मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. माझा माणूस त्यावर बसून जात होता, तेवढं कळत होतं. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "लवकर येतोय न्हवं? मग झालं."

त्या दिवशी पान वाढून तयार होतं. आम्ही दोघी सोप्यात बसलो होतो. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं, कौलांवर गेलं, मग गेलंच. रस्त्यावरून एक बैलगाडी हळूहळू आमच्याच दाराशी येताना दिसली आणि मी उठून उंबऱ्यावर आले.

तंबाखूच्या बोदांवर, त्या मोठ्या गाठोड्यांवर, यांना निजवलं होतं. गाडीवान स्तवनिधीकडचा शेतकरी. त्यानं सांगितलं, तवंदीच्या घाटात हे भरधाव खाली येत होते, चेन तुटून मागच्या चाकात गुंडाळली, चाक जागीच जाम झालं आणि हे कडेच्या दगडांवर फेकले गेले. डॉक्टर आला. त्यानं डोकं आणि डोळे पट्टीनं बांधले, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसला, आणि बाहेर येऊन मला म्हणाला की रात्र निघणार नाही, पाणी मागितलं तर द्या. तो म्हणाला तसंच झालं.

यांनी पाणी मागितलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. सासूबाई तांब्या घेऊन बसल्या, मी कंदील धरून उभी. तांब्या ओठाला लागला तसं यांनी तोंड मिटून घेतलं.

"आव्वा, दिवस बुडाला काय?"

मला ओरडावंसं वाटलं. जन्मभर साठलेलं सगळं त्या बाईवर ओरडावंसं वाटलं. आता तरी सोडा म्हणावं, आता तरी! पण मी तोंड उघडायच्या आत त्या बोलल्या. आवाज अगदी साधा होता.

"न्हाय रं लेकरा. ऊन हाय अजून भिंतीवर. पी."

हे प्याले. घोट-घोट करत अर्धा तांब्या प्याले आणि मान टाकून शांत पडले.

मी तांब्या घ्यायला हात पुढे केला. आत्यानं दिला नाही. कंदिलाकडे एकदा नीट बघितलं, तांब्या तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"त्याला एकट्याला कशाला पाप," म्हणाली.