नाव नको, खरं लेहा

शेषरावभाऊंच्या वाचनालयातून पुस्तक नेणं सोपं होतं, परत करणं अवघड. तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवलं तरी ते त्याला हात लावत नसत. आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकानं पुसत आणि मग विचारत, "काय वाटलं?" चांगलं वाटलं, एवढं म्हणून सुटका नव्हती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे त्यांनी एक रेघांचा कागद चिकटवलेला असे आणि टेबलाच्या पायाला सुतळीनं एक शिसपेन्सिल बांधलेली असे. "नाव नको, खरं लेहा," ते म्हणत. "मंग दुसरं न्या."

शेलूबाजारला हायवेच्या अलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांचं हे वाचनालय होतं, आणि समोर माझं दुकान. पंपांच्या जळालेल्या मोटारी मी वायंडिंग करून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून देतो. बारावीत माझं शिक्षण सुटलं, वाचन मात्र या माणसानं सुटू दिलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी रस्ता ओलांडून जायचो. पहिली दोन वर्षं त्यांनी मला 'वायंडिंगवाले' म्हटलं, तिसऱ्या वर्षी 'दिलीपराव'. ते बिरुद मला एखाद्या पदवीसारखं वाटलं होतं, याचा आज लिहिताना राग येतो, पण वाटलं होतं खरं.

एक रिटायर तलाठी होते. त्यांनी ओळीनं अकरा पुस्तकांवर 'उत्तम' असा शेरा मारला. शेषरावभाऊंनी अकराही पुस्तकं त्यांच्यासमोर मांडली आणि म्हणाले, "उत्तम हे भाजीले म्हना, साहेब. पुस्तकानं तुमचं काय केलं, ते सांगा." तलाठीसाहेब चिडले, महिनाभर फिरकले नाहीत, मग आले आणि निमूटपणे अकरा कागद नव्यानं लिहून गेले. मला तेव्हा या माणसाचा केवढा अभिमान वाटला! मालकाच्या तोऱ्यात वावरणाऱ्या लोकांना तो खरं बोलायला लावत होता, आणि तेही कोणाचं नाव उघडं न करता.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून कोणीतरी दिलेल्या पुस्तकांच्या खोक्यात ते पुस्तक आलं. राखाडी वेष्टन, चित्र एकही नाही. दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीनं ठरवावं की एकानं हुकूम करायचा आणि दुसऱ्यानं तो मानायचा, आणि असं नातं कसं सांभाळावं, याची ती माहिती होती. आधी काय बोलून घ्यावं, कशाला नाही म्हणावं, थांबायचं असेल तर कोणता ठरलेला शब्द उच्चारावा, सगळं पायरीपायरीनं दिलेलं. दुसऱ्या कोणी ते रद्दीत घातलं असतं. शेषरावभाऊंनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि आरोग्याच्या कपाटात ठेवलं. "ह्याच्यात एकच गोष्ट हाय," ते मला म्हणाले. "काहीबी कराच्या आंधी समोरच्याले इचारा. आपल्याकडं हेच कोनी करत नाही. न्या तुमी."

पुस्तक फिरलं, आणि मागचा कागद भरत गेला. एकानं लिहिलं होतं, 'ही विदेशी घाण आहे. दुसरा भाग निघाला का?' दुसऱ्यानं, 'चाळीस पानं वाचली, मग सासूबाई आल्या.' कोणी लिहिलं, 'हुकूम मानणं सोपं आहे, त्याबद्दल आधी बोलणं कठीण.' बारीक, तिरप्या अक्षरात एक ओळ होती, 'आमच्या घरी तीस वर्षांपासून हेच चालू आहे, फक्त मले कोणी विचारलं नाही.' ही ओळ मी दोनदा वाचली. शेषरावभाऊंनी ती वाचली तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी पुस्तक पटकन मिटलं आणि चहा मागवला.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. माझी बायको शोभा आसेगावच्या अंगणवाडीत सेविका आहे. पुस्तक फिरत फिरत शेवटी मीही नेलं, वाचलं आधी तिनं, दोन दुपारी. मी दिवसभर दुकानात पोरांवर आणि गिऱ्हाइकांवर ओरडायचो आणि घरीही तेच चालायचं. ती एवढंच म्हणाली, "उलटं करून पाह्यचं का?" पंधरा दिवस आम्ही नुसते बोललो. इतकं आम्ही लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. मग ठरलं. संध्याकाळी घरी येऊन मी हातपाय धुतले की पुढचा शब्द तिचा. बसा म्हणाली तर जमिनीवर बसायचं, बोला म्हणाली तरच बोलायचं, पाय दाबा म्हणाली तर दाबायचे. थांबायचा शब्द तिनं 'विमान' ठरवला, कारण आमच्या घरात विमानाचा विषय कधीच निघत नाही. हुकूम मानताना मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. वाटला तो आराम. शोभाही बदलली. ती खांदे ताठ ठेवून चालू लागली, अंगणवाडीत सुपरवायझरशी नजर भिडवून बोलू लागली. तिची अट एकच होती. "हे आपल्या दोघायतलं. तिसऱ्याले नाही."

आणि मी गाढव. पुस्तक परत करायला गेलो, तर समोर चष्मा पुसणं आणि "काय वाटलं?" नाव नव्हतंच लिहायचं. मी सात ओळी लिहिल्या. दिवसभर हुकूम सोडणाऱ्या माणसाला घरी गेल्यावर कोणीतरी सांगणारं हवं असतं, हे चाळिशीत कळलं, असं लिहिलं. हातपाय धुणं, जमिनीवर बसणं, विमान, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'घरात शांतता आली. पुस्तक उपयोगाचं आहे.' शेषरावभाऊंनी वाचलं आणि कधी नव्हे तो माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याले म्हनतात अभिप्राय," ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात, तुरीला पाणी द्यायच्या दिवसांत, आसेगावचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला. मोटार खाली ठेवली आणि खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "हे तुमचंच अक्षर हाय ना? बिलावर असंच असते." त्या कागदाचा फोटो होता. खाली कोणीतरी माझं नाव आणि दुकानाचं नाव टाकून हसणारी तोंडं चिकटवली होती. त्याच्या गावच्या ग्रुपवर तो सकाळीच आला होता. मी तो माझ्या फोनवर मागून घेतला आणि पाना हातात तसाच ठेवून रस्ता ओलांडला.

शेषरावभाऊ एकटेच होते. मला पाहून त्यांना कळलंच.

"बसा," ते म्हणाले.

"बसत नाही. हे कसं गेलं बाहेर?"

त्यांनी सांगितलं. वाचनालयाच्या कमिटीतल्या एका सभासदाला ते पुस्तक सुनेच्या उशाखाली सापडलं होतं. कमिटी बसली. "असली पुस्तकं कोन वाचते, म्हने. मी म्हनलं, चांगले संसारी मानसं वाचतात. कोन, ते सांगा म्हने. मंग तुमचं नाव घेतलं. वाईट नाही बोललो, दिलीपराव. म्हनलं, याइचा संसार सुधरला या पुस्तकानं. कागद दाखवला. त्यातल्या एकानं फोटो काढला, मी काय करू?"

"नाव नको म्हनत होते ना तुमी?"

"माही नोकरी जात होती."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की माझा राग क्षणभर अडला. नोकरी जाताना माणूस काहीही बोलतो, हे मला कळतं. मी कदाचित तसाच परतलो असतो. पण फोटो अजून समोर उघडा होता आणि त्यात माझ्या ओळींच्या वर दोन रेघा कोऱ्या दिसत होत्या. तिथला कागद घासून तेवढाच मळकट झाला होता. फोटो मोठा करून पाहिला. तीस वर्षांवाली ती ओळ गायब होती.

"ही पुसलेली ओळ कोनाची होती?"

ते चष्मा काढून बसले. पुसला नाही.

"सांगा ना."

"घरची," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी कमलबाई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या आणि ते जेवून होईपर्यंत काहीतरी चाळायच्या. मी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता.

"म्हंजे कमिटीले कागद द्याच्या आंधी तुमाले रबर सापडलं."

"हो."

"अन् माह्या सात ओळी दिसल्या नाही?"

त्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना उत्तर द्यायला लावलं आणि त्या दिवशी स्वतः गप्प बसून राहिला. नोकरीसाठी नाव दिलं याचं मला दुःख नव्हतं, फोटोचंही तितकं नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलेलं ते सगळंच पुसता आलं असतं. त्यांनी बसून निवडलं होतं, कोणाची अब्रू पुसून वाचवायची आणि कोणाची कमिटीपुढे ठेवायची. वाचवली तीही आपलीच. कमलबाईंनी तीस वर्षांत एक खरी ओळ लिहिली असेल, ती पुसताना त्यांना तरी कोणी विचारलं होतं? मी पाना टेबलावर आपटला आणि निघून आलो. तो परत आणायलाही गेलो नाही.

घरी शोभा माझ्याआधी येऊन बसली होती. अंगणवाडीतल्या मदतनीसबाईनंच तिला फोटो दाखवला होता. मी शेषरावभाऊंचं सगळं सांगायला लागलो, रबराचं, कमिटीचं. तिनं ऐकून घेतलं.

"त्यायचं सोडा," ती म्हणाली. "लेहाच्या आंधी तुमी मले इचारलं होतं का?"

"नाव नव्हतं टाकलं मी."

"नावाचं नाही इचारून राह्यली मी."

मी नाही म्हणालो. ती उठली आणि भाकरी टाकायला आत गेली. त्या संध्याकाळी मी हातपाय धुऊन उभा राहिलो, तर आतून आवाज आला, "उभे काहून? जेवाले वाढलं हाय." बसा नाही, उठा नाही. त्यानंतर तिनं मला एकदाही काही सांगितलं नाही.

गावानं आपलं काम केलं. दुकानासमोरून जाताना पोरं तोंडानं विमानाचा आवाज काढत. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, ती तुटोत. शोभाचं जास्त गेलं. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण मातांच्या बैठकीत ती शिरली की बायका गप्प होत. पुढे पुढे तिनं बैठक घेणंच मदतनीसबाईवर सोपवलं. खांदे पुन्हा खाली आले. कमिटीनं पुस्तक काढून टाकलं आणि दोन महिन्यांनी शेषरावभाऊंनाही काढलं. म्हणजे माझं नाव देऊन त्यांना मिळाले ते दोन महिने.

ते गावातच होते. माझ्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालत. एकदा थांबले, काहीतरी म्हणणार होते. मी वायंडिंगचं मशीन सुरू केलं. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हे मी मुद्दाम केलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांनी मला फसवलं असं मी शोभाला सांगायला गेलो की माझा आवाज मलाच खोटा वाटतो, कारण तेच मी तिच्याशी केलं होतं. माझ्याकडे तर नोकरी जाण्याचंही कारण नव्हतं.

या उन्हाळ्यात एका सकाळी शेजारचा चहावाला सांगत आला, शेषरावभाऊ गेले, अटॅक आला, चार वाजता नेणार. मी शटर ओढलं आणि घरी गेलो. शोभा ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"जाऊ का मी?" मी विचारलं.

खूप दिवसांनी विचारलं होतं. पूर्वीच्या दिवसांत विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं आणि मी तेच केलं असतं, मनावर काही न घेता.

"मले नका इचारू," ती म्हणाली, आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

चार वाजता मयत आमच्याच रस्त्यानं गेली. मी पायात चपला घालून ओट्यावर बसलो होतो. साडेपाचला लोक आंघोळीला परतू लागले, तेव्हाही मी तिथंच होतो.