टॉवरसाठी चढवलेली माती

मोबाईलच्या कंपनीनं आमच्या भागात पहिलं पाऊल ठेवलं ते माझ्या गाडीतून. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पेणच्या स्टँडबाहेर माझी जुनी जीप भाड्यासाठी उभी असायची. लग्नाची वऱ्हाडं आणि भाद्रपदाच्या आधी गणपतीच्या मूर्ती, एवढंच तिचं गिऱ्हाईक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याचे एक तरुण साहेब आले आणि त्यांनी गाडी महिन्यानं ठरवली. टपावर काठीसारखी एरियल बसवली, मागच्या सीटवर यंत्रांची पेटी ठेवली आणि मला म्हणाले, "हळू चालवा आणि खड्डे चुकवा." मी म्हटलं, "साहेब, खड्डे चुकवले तर रस्ताच उरत नाही." ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांचा राग यावा असं बरंच आहे आणि मला तो अजून येतो.

काम असं होतं. कुठल्या तरी टेकडीवर तात्पुरता खांब उभारून त्यावरून लहरी सोडायच्या, आणि आम्ही रस्त्यानं फिरत त्या कुठवर पोचतात ते बघायचं. पेण, वडखळ, नागोठणे, खांब नावाचं गाव, कोलाड, तिथून आत रोहा आणि धाटाव. परत तेच. साहेब मागे बसून पडद्यावरची रेघ बघत राहायचे. डोंगर आडवा आला की रेघ खाली, वळण संपलं की वर. पहिले काही दिवस मलाही गंमत वाटली. नंतर मला रेघेपेक्षा त्यांच्या डब्यातल्या चकल्यांमध्ये जास्त रस वाटायला लागला.

सरकारनं कंपनीला लहरींचा एक पट्टा दिलेला असतो, तेवढ्यातच सगळं भागवायचं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची, पण दोन टॉवरच्या लहरी एकमेकांत घुसता कामा नयेत, नाहीतर कुणालाच धड ऐकू येत नाही. माझ्या खाचरातलं पाणी तुझ्या खाचरात नको, असंच की हे, मी म्हटलं. ते म्हणाले, अगदी तसंच.

टॉवर कुठे आधी आणि कुठे नंतर, हेही ठरलेलं होतं. आधी हायवे, कारण गोव्याला जाणाऱ्या गाडीवाल्यांच्या खिशात फोन होते. मग पेण, मग धाटावच्या कारखान्यांसाठी रोहा. बाकीचं नंतर.

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक तयार झालं की."

"टॉवर नसताना गिऱ्हाईक कसं तयार होणार?"

"तोच तर प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी एक चकली मोडली आणि अर्धी मला दिली.

आमचं गाव त्या 'नंतर'मध्ये होतं. धरमतरच्या खाडीला लागून, हायवेपासून बरंच आत. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बंधारा, आणि तो आमच्याच लोकांनी पिढ्यान्पिढ्या चिखल चढवून उभा ठेवलेला. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस बंधाऱ्यावर जायचा. ओहोटीला खाडीतून चिखलाच्या ढेपा कापायच्या, रांग लावून हातोहात पोचवायच्या, खेकड्यांनी पोखरलेली जागा भरून काढायची. पावसाळ्यातल्या उधाणात बंधारा फुटला तर त्याला आम्ही 'खांड पडली' म्हणतो. खांड लहान असतानाच पन्नासेक माणसांनी उडी घेऊन ती बुजवावी लागते. एक भरती चुकली की खांड रुंद होते, आणि एकदा खारं पाणी शेतात राहिलं की पुढची कितीतरी वर्षं भात विसरायचं.

माणसं बोलावण्यासाठी देवळापाशी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. खांड पडली की तो बडवायचा. माझ्या लहानपणी त्याचा आवाज आला की जेवत्या ताटावरून माणसं उठत. पण नंतर जवान माणसं धाटावच्या केमिकल कंपन्यांत लागली. पहाटेची गाडी धरून जायची ती शिफ्ट संपवून संध्याकाळी यायची. रुळाचा आवाज धाटावपर्यंत थोडाच जातो? ग्रामपंचायतीत सरकारनं एक बिनतारी फोन दिला होता, छपरावर सोलरची पाटी होती. तो फोन बसवला त्या दिवशी चालला. पाटीवर पुढे बगळे बसायचे.

बंधाऱ्याचा कारभार माझ्या बाबाकडे होता. शाळा त्यानं पाहिली नव्हती, पण कुठल्या अमावास्येला पाणी किती चढेल ते तो हात दाखवून सांगायचा. त्याच्या डोक्यात एकच घोर होता, दिवसाच्या उधाणात खांड पडली तर माणसं आणायची कशी. मी मोबाईलवाल्यांची गाडी चालवतो हे कळल्यावर तो माझ्या मागेच लागला. "तुज्या सायबाला घेऊन ये. एक टावर आमच्यात टाकायला सांग. जागा फुकट देतो."

मी टाळाटाळ केली, पण बाबापुढे माझं चाललं नाही. एका दुपारी साहेबांना घेऊन गेलो. आईनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं होतं. साहेब शाकाहारी निघाले, म्हणून मग तिनं त्यांना नुसता भात आणि ताक वाढलं आणि "काय गो बाई, उपाशीच र्‍हायला पोर," म्हणून शेजारणीपाशी हळहळत बसली. जेवण झाल्यावर बाबा त्यांना बंधाऱ्यावर घेऊन गेला. साहेबांनी यंत्र लावलं, इकडे तिकडे फिरवलं. सगळं गाव मागे उभं. आता त्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणवेना. तो म्हणाला, "जागा फार सखल आहे हो, बाबा. उंची कमी पडते."

झालं. बाबाचा चेहरा खुलला. उंची कमी पडते म्हणजे काय, हे आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे जन्मापासून सगळ्यावर एकच औषध, माती चढवा.

परत येताना मी साहेबांना खरं कारण विचारलं. त्यांनी यंत्रांची पेटी बंद केली. मग म्हणाले, "अहो, तिथे उंचीचा प्रश्नच नाही. उलट सपाट जागा आणि पाणी असलं की लहर कशालाच अडत नाही, भलतीकडे जाऊन दुसऱ्या टॉवरच्या लहरीत घुसते. तिथे जितकं उंच जाल तितकी कटकट. आणि तसंही, तुमचं गाव योजनेत नाही." मी म्हटलं, "मग हे तिथेच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "त्यांनी इतक्या प्रेमानं जेवायला वाढलं." मी गाडी मुद्दाम खड्ड्यातून काढली.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी बाबाला सगळं सांगितलं. टॉवर येणार नाही, उंच केलं तर मुळीच येणार नाही. बाबा विडी ओढत ऐकत होता.

"माज्यासमोर बोलला तो खरा, का गाडीत बोलला तो खरा?"

"गाडीतला."

"मंग माज्यासमोर खोटं कशाला बोलंल? त्याला माजं काय भ्या हाय?"

"बाबा, शिकलेली माणसं अशीच बोलतात."

"तू गाडी चालव. मातीचं मला सांगू नको."

आणि त्यानं देवळामागे टेकाड चढवायला घेतलं. गावानं त्याला वेड्यात काढलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्यांना पटलं. धाटावची पोरं तर सर्वांत पुढे, कारण मागे घर सोडून जाण्याची भीती त्यांच्याच पोटात होती. आता आठवड्याची सुट्टी एकच. माणूस त्या दिवशी एकतर बंधाऱ्यावर चिखल टाकणार नाहीतर टेकाडावर. त्या उन्हाळ्यात सगळा चिखल टेकाडावर गेला. बाबा म्हणायचा, बंधारा एक वर्ष निघतो, टावरवाले थांबायचे नाहीत. आईनं एकदा सांगितलं, "उघाडीजवल बिळं पडलीत, पाय आत जातो." उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. बाबा म्हणाला, "व्हय, ठाव हाय मला." ठाऊक होतंच त्याला. मी त्या टेकाडाला हात लावला नाही. रोज भांडलो, आणि कुणी ऐकत नाही म्हणून वडखळच्या टपरीवर जाऊन चहा पीत बसलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

टेकाड मात्र सुंदर झालं होतं. चारी बाजूंनी थापून गुळगुळीत केलेलं, वर टॉवरच्या पायापुरती सपाट जागा. वर उभं राहिलं की धरमतरला लागणारे बार्ज दिसायचे, मिठागरं दिसायची. पाऊस धरला तरी ते ढासळलं नाही. बाबाच्या हातची माती होती ती.

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण होतं. उघाडीजवळची बिळं आधी पाझरायला लागली, मग एकदम खांड पडली. बाबानं रूळ बडवला. आली कोण, तर म्हातारे आणि बायका. बायका गळाभर पाण्यात उतरून ढेपा देत होत्या. होत्या त्या ढेपा संपल्या, आणि भरतीत नवा चिखल कापायचा तरी कुठून? कुणीतरी ओरडलं, टेकाडाचा आणा. बाबानंच आधी फावडं घातलं. पण ते टेकाड त्यानं इतकं घट्ट थापलं होतं की माती सुटेना.

माझी वहिनी भिजत, धावत हायवेला गेली, मिळेल त्या ट्रकनं वडखळला पोचली आणि तिथल्या एसटीडी बूथवरून तिनं धाटावच्या गेटवर फोन लावला. फोन लागला. माझा थोरला भाऊ आणि गावची बाकी पोरं त्याच गेटच्या आत होती. वॉचमन म्हणाला, "शिफ्ट चालू असताना निरोप आत जात नाही. शिफ्ट सुटल्यावर सांगतो." ती त्याला शिव्या देत होती आणि रडत होती, असं बूथवाल्यानं मला नंतर सांगितलं. मी तेव्हा साहेबांना घेऊन कोलाडच्या पुढे होतो. मला कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. पोरंही तेव्हाच पोचली. खांडीतून शेतात येणारं पाणी सगळेजण उभ्यानं बघत होते. लावणी झालेलं हिरवं भात दुसऱ्या दिवशी दिसलं नाही.

त्यानंतर ती खांड बुजली नाही. प्रत्येक भरतीला ती थोडी थोडी खात गेली आणि ती बुजवण्याएवढी माणसं पुन्हा एकत्र आलीच नाहीत. काही घरं रोह्याला भाड्याच्या खोल्यांत गेली. शेतात खारफुटीची तिवरं उगवायला लागली. बाबाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मला वाटतं, त्याला तेच सोसवलं नाही. बोलायचो तो मीच एकटा, आणि माझीही जीभ रेटेना. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्याकडे बघून रडूही यायचं.

वडखळच्या बाजूला हायवेवर टॉवर उभा राहिला तो पुढच्या हिवाळ्यात. साहेबांचं आमच्याकडचं काम तेव्हा संपत आलं होतं. एके दिवशी ते म्हणाले, "जरा तुमच्या गावाकडे जाऊन येऊ. तिकडे सगळं पाणी झालंय ना? या टॉवरची लहर पाण्यावरून फार लांब जातेय अशी तक्रार आहे. तिथे रेघ दिसली तर एरियल खाली झुकवावी लागेल." मी त्यांच्याकडे बघितलं. आपण काय बोललो हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते बाहेर बघत होते.

गावात रेघ कुठेच दिसली नाही. शेवटी देवळामागच्या टेकाडावर चढलो. बाबा तिथेच बसलेला होता, हल्ली तो तिथेच असायचा. साहेबांच्या हातातल्या फोनवर एक रेघ आली. टेकाडापासून वडखळपर्यंत मध्ये नुसतं पाणी होतं.

"लागतो काय?" बाबानं विचारलं.

साहेब म्हणाले, "लागतो. पण बाबा, हा काही इथे राहणार..." मी त्यांचा हात दाबला. ते थांबले.

"धाटावला लावून द्या," बाबा म्हणाला.

गेटचा नंबर मला पाठ होता. मी लावला आणि फोन बाबाच्या कानाशी धरला. पलीकडून वॉचमनचा आवाज मलाही ऐकू येत होता, स्वच्छ. बाबानं आमच्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "आमच्या पोरांना सांगा, खांड पडलीय."

"शिफ्ट सुटल्यावर सांगतो," तो म्हणाला.

बाबा समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "सांगा. घाई नाय."