पूजेला कोण बसणार?

चष्मा काढायचा, त्याची घडी घालून टेबलावर ठेवायचा आणि मग समोरच्याकडे बघून म्हणायचं, "प्रश्नच चुकीचा आहे."

तुमच्याही ओळखीत असा एक गृहस्थ असणार. त्याला काहीही विचारा, उत्तर देण्याआधी तो प्रश्नाची झडती घेतो. वहिनींनी चहा की कॉफी विचारलं, तरी प्रश्नच चुकीचा. आधी हवंय का ते विचार, म्हणे. वहिनी मग काही न विचारता चहाचा कप समोर आदळायच्या आणि दादा तो निमूट प्यायचे. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. नाव सांगत नाही. सिंगापुरातली मराठी मंडळी मोजकी, आणि मला कुणाच्या चहाड्या करायच्या नाहीत. राग मात्र आहे, तो कशाला लपवू?

दोन हजार दहा साली मी वैशालीला आणि लहान लेकीला घेऊन इकडे आलो. मूळचा सोलापूरचा, नोकरी पुण्यात, तिथून थेट इथे. दादा त्याच कंपनीत, दुसऱ्या टीमचे मॅनेजर, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. भाड्याचा फ्लॅट शोधताना आम्ही टेकीला आलो होतो. एजंट फोनवर पहिलाच प्रश्न विचारायचा, "इंडियन आह? हेवी कुकिंग?" आणि पुढे फोन बंद. एकदा दादा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा काढून ठेवला आणि इंग्रजीत सुरू केलं की बाबा, तुझा प्रश्नच चुकीचा आहे, हा माणूस घर नीट ठेवेल का ते विचार, आणि ते मला विचार. वीस मिनिटं बोलले. त्या आठवड्यात आम्हाला बेडोकमध्ये, त्यांच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये फ्लॅट मिळाला. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पुण्याचा माणूस, आडनाव ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. पण त्यांनी ते कधी जाणवू दिलं नाही. वैशालीची शेंगाचटणी डबा पुढे करून मागून घ्यायचे. बुद्धपौर्णिमेची इथे सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी सकाळीच दारात हजर, "खीर झाली का?"

मंडळात मला त्यांनीच ओढलं. आमचं छोटंसं मराठी मंडळ, तीस-चाळीस घरांचं. पहिल्याच वर्षी मी चिटणीस झालो. हॉल बुक करायचा, लाउडस्पीकरची परवानगी काढायची, पोरांची नाटुकली बसवायची आणि गणपतीचं मखरही मीच करायचं. मूर्तीपुढे मी हात जोडत नाही, आमच्यात ते नाही. पण थर्माकोल कापायला कुठला धर्म लागतो?

दोन हजार बाराच्या सुरुवातीला अमेरिकेच्या निवडणुकीची हवा तापली. अध्यक्षपदाच्या शर्यतीत एक मॉर्मन उमेदवार पुढे होता, आणि आमच्या टीममध्ये एक अमेरिकन होता, तोही मॉर्मन. ख्रिस्ती धर्मातलाच त्यांचा एक वेगळा पंथ; त्यात चहा नाही, कॉफी नाही, हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांवर, जेवताना आपला माल्टचं दूध पीत बसायचा. सगळे त्याला खोदून विचारायचे, तुमचा माणूस धर्मामुळे पडणार का? तो कसनुसा हसायचा. म्हणायचा, आमच्याच देशातले कित्येक लोक आम्हाला ख्रिश्चन मानत नाहीत, तिथे अध्यक्ष म्हणून कोण मानणार.

एके दिवशी दादांनी डोशाची ताटली बाजूला सारली. चष्मा टेबलावर आला. अध्यक्षाने देश चालवायचा असतो, म्हणाले, प्रार्थना चालवायची नसते. तो घरी कुणापुढे गुडघे टेकतो हे विचारणाऱ्याला मत द्यायचाच अधिकार नाही. धोरणं पटत नसतील तर पाडा त्याला खुशाल, पण देवावरून पाडलंत तर तुम्ही त्याला नाही, स्वतःला पाडलंत. शेजारच्या टेबलावरच्या दोन चिनी बायकासुद्धा खायच्या थांबून ऐकत होत्या. अमेरिकनाचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

ऑफिसकडे परत येताना दादा म्हणाले, "या वर्षी मंडळाचा अध्यक्ष तू. सूचक मी."

मी थबकलोच. आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. गणपतीच्या पूजेला यजमान म्हणून अध्यक्ष आणि त्याची बायको बसतात. घटनेत कुठे लिहिलेलं नाही, पण पहिल्यापासून तसंच चालत आलंय. मी बसणार नव्हतो. दादांना तेही ठाऊक होतं. म्हणाले, कमिटीतलं कुठलंही जोडपं बसेल, त्यात काय एवढं? कुणी विचारलंच तर उत्तर मी देईन. तू गप्प बसायचं, तू बोललास की ते भांडण होईल.

महिनाभर मी हवेत होतो. तुम्ही म्हणाल, चाळीस घरांच्या मंडळाचं अध्यक्षपद ते काय! बरोबर आहे. पण माझे वडील आयुष्यभर गावच्या जत्रेत मांडवाच्या बाहेर उभे राहिले, आणि मी त्यांना फोनवर सांगून बसलो होतो की अण्णा, इथे तसं नाही. मला ते खरं करून दाखवायचं होतं. बाकी त्या खुर्चीत काय सोनं लागलं होतं?

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दादा आणि मी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी नेहमीसारखे चालायला गेलो. उसाचा रस प्यायलो. त्यांनी माझ्याकडून भाषण म्हणून घेतलं आणि एक वाक्य बदलायला लावलं.

रविवारी सकाळी एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. दादांनी माझं नाव सुचवलं. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. मग मागून एक बाई उभ्या राहिल्या, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण पूजेला कोण बसणार?"

मी दादांकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे गप्प बसलो. दादा उठले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले.

पुढचं मला सलग आठवत नाही. लोकांच्या भावना, परंपरा, योग्य वेळ, पुढच्या वर्षी जरूर विचार करू, असले शब्द आठवतात. जात हा शब्द कुणीही उच्चारला नाही. सिंगापुरात आपण जात म्हणत नाही, पूजा म्हणतो. मग त्याच बाईंनी दादांचं नाव सुचवलं. दादा दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणायचं विसरले. मला खुणावलं की नाव मागे घे. मी नाही घेतलं. माझं डोकं फिरलं होतं.

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. स्वतःलाच मत द्यायची लाज वाटून मी कोरी चिठ्ठी टाकली. मला तीन मतं पडली. एक वैशालीचं. उरलेली दोन कुणाची, काही कळलं नाही. परतताना बसमध्ये लेकीने विचारलं, "पप्पा, यू लॉस्ट आह?" वैशालीने तिला मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेरची जहाजं दाखवत बसली.

दोन आठवड्यांनी बाजारात वहिनी भेटल्या आणि वैशालीजवळ रडल्या. शुक्रवारी संध्याकाळीच तीन कुटुंबं त्यांच्या घरी येऊन बसली होती, आणि दादांनी त्यांना माझी बाजू न घेण्याचा शब्द दिला होता. शुक्रवारी! म्हणजे शनिवारी माझं भाषण ऐकताना, त्यातलं वाक्य दुरुस्त करताना त्यांना सगळं माहीत होतं. मतं गेली त्याचं मला काही नाही हो. शनिवारी नुसतं सांगितलं असतं, बाबा रे, मला जमत नाही, तर मी हसत बाजूला झालो असतो. माणूस घाबरतो, मीही घाबरतो. पण त्यांनी मला नवा शर्ट घालून तिथे नेऊन बसवलं.

मंडळ सोडायचं मी नक्की केलं होतं, पण वैशाली म्हणाली, ती दोन माणसं कोण आहेत? तेव्हापासून मला तोच नाद लागला. हळदीकुंकू असो, सहल असो, मी एकेक चेहरा न्याहाळायचो. हे असतील का? या असतील का? कोण असेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांशी गोडीने वागायचो. त्या वर्षीचं मखरही मीच केलं. त्या दोघांसाठी केलं.

नोव्हेंबरात मॉर्मन उमेदवार हरला. धर्मामुळे की आणखी कशामुळे, ते तिकडच्यांनाच माहीत. आमचा अमेरिकन म्हणाला, माणूस हरला त्याचं वाईट वाटतं, पण तुझ्या मित्राचं त्या दिवशीचं बोलणं मी घरी लिहून कळवलं होतं, भला माणूस आहे. मी मान डोलावली. त्याचं तेवढं तरी त्याच्याकडे राहू दे म्हटलं.

दादांशी बोलणं कामापुरतं उरलं. पौर्णिमेला ते आले नाहीत. वैशालीने मात्र दर वर्षी खीर वाटीभर जास्तच केली.

दोन हजार चौदामध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुण्याला परत निघाले. सामान फार होतं, म्हणून मी बॅगा उतरवायला गेलो. शेजारधर्म आहे शेवटी. ब्लॉकखाली टॅक्सी उभी होती, वहिनी आत बसल्या होत्या. दादांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. केस पिकले होते, दोन वर्षांत बरेच पिकले होते.

"एक सांगायचं राहिलं रे," म्हणाले. "त्या दिवशी माझी चिठ्ठी तुझ्याच नावाची होती."

आणि माझ्याकडे असे बघत राहिले, की आता मी काहीतरी चांगलं बोलेन. मी टॅक्सीचं दार लावून दिलं.

वर आलो. वैशाली भाजी निवडत होती. गेले का, तिने विचारलं. मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे त्या दोघांतले एक दादाच," ती म्हणाली, "मग आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं तिथं."