रखमाजीनं ठेवलेलं नाव

रखमाजी मळवलीला एका पुणेकराचा बंगला राखायचा. घरची थोडी भातखाचरं होती, ती त्याची बायको विठाबाई बघायची. तिशी उलटली तरी तो अंगठाच उठवत होता. १९५५ साली मालकांची बहीण बंगल्यावर राहायला आली. पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायची. छातीच्या दुखण्यातून नुकती उठली होती म्हणून डॉक्टरांनी वर्षभर हवापालट सांगितला होता. शिकवल्याशिवाय तिला करमेना. दुसरं कुणी मिळेना, म्हणून तिनं रखमाजीलाच पाटी घेऊन समोर बसवलं.

दिवाळीपर्यंत त्याला बाराखडी आली. जोडाक्षरं मात्र जमेनात. एक दिवस बाईंनी पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, ज्योत्स्ना. "हे आलं की पुढं कुठं अडायचं नाही," त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी त्यानं ते न बघता लिहून दाखवलं. म्हणता यायला आणखी महिना गेला. बागेला पाणी घालताना तो ते पुटपुटत असायचा. बाई बऱ्या झाल्या आणि पुण्याला परत गेल्या.

दोन वर्षांनी रखमाजीला मुलगी झाली. त्यानं ठरवलेलं नाव ऐकून विठाबाई म्हणाली, "म्हंजी काय त्ये?"

"चांदनं."

"मग चांदनीच ठिवा की. लोकांना म्हनता याया नको?"

"यील. मला आलं."

बारशाला त्याची धाकटी बहीण अंबूबाई आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि मागच्या बायांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. नाव काही निघेना, त्यामुळं धपाटेही थांबेनात. शेवटी ती ओरडली, "जोसना! जोसना!"

"अंबे, त ऱ्हायला," रखमाजी दारातून म्हणाला.

"दादा, तुजा त तूच घाल. माजी पाट मोडली."

गावात मुलगी जोसनाच झाली. सहाव्या वर्षी तिला शाळेत घातलं. गुरुजींनी विचारून नाव लिहून घेतलं. रखमाजीनं टेबलापलीकडून उलटं दिसणारं रजिस्टर वाचलं.

"गुरुजी, नाव चुकलंय."

"सगळे असंच तर म्हणतात."

"म्हनत्यात तसं. लिवायचं तसं न्हाई."

गुरुजींनी हसून एक कोरा कागद आणि टाक त्याच्यापुढं सरकवला. रखमाजीनं सावकाश नाव लिहिलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, रजिस्टरातलं खोडलं आणि कागद बघून नव्यानं लिहिलं.

मुलीला स्वतःला या सगळ्याचं फारसं काही नव्हतं. कुणी नाव विचारलं की ती जोसना सांगायची. बाप शेजारी असला तर दुरुस्त करायचा. दहाएक वर्षांची असताना ती एकदा म्हणाली, "आबा, लोकं हाक मारत्यात, मी ओ देते. तेवढं बास हाय की."

पंचाहत्तर साली खेड तालुक्यातलं स्थळ आलं. बैठकीत मुलाची आई म्हणाली, "आमी सुमन नाव ठिवनार. आमच्या तोंडात बसंल."

विठाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रखमाजीनं मुलीकडं पाहिलं. तिनं खाली बघूनच मान डोलावली. "ठिवा," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर विठाबाई म्हणाली, "मला वाटलं, तुमी सोयरीक मोडताय."

"नाव तिचं हाय. तिला नको आसंल तर मी कोन?"

लग्नानंतर त्यानं तिला पहिलं पत्र घातलं ते परत आलं. वर शेरा होता, या नावाचं इथं कोणी नाही. दुसऱ्या पत्राच्या पाकिटावर त्यानं सौ. सुमन लिहिलं आणि आत चि. ज्योत्स्ना हिस. ते पोचलं.

मुलगी सातवी शिकलेली होती. तिचं उत्तर आलं. कांदा बरा आहे, म्हैस व्यायली, सासूबाईंचा गुडघा दुखतो. शेवटी तिनं फक्त 'तुमची मुलगी' असं लिहिलं होतं.

"नाव घातलंच न्हाई," रखमाजी म्हणाला.

"तुमास्नी ठावं न्हाई का, कुनाचं हाय?" विठाबाईनं विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "वाचा पुन्यांदा. म्हशीला काय झालंय म्हनली?"

"रेडी," रखमाजी म्हणाला आणि त्यानं पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं.