हळद लावलेली फ्लॉपी

माझ्या बहिणीच्या, सुमतीच्या लग्नाची पत्रिका कंप्यूटरशिवाय छापता येणार नाही, असं घरात ठामपणे म्हणणारा मी एकटाच होतो. कुंभकोणमला आमच्या ओसरीत मी तेव्हा कंप्यूटर क्लास चालवत असे. (विद्यार्थी तीन. त्यातला एक चुलतभाऊ, तो पंख्याच्या वाऱ्यासाठी येई.)

आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत पहिल्या पत्रिकेला हळद लावून ती देवापुढे ठेवतात, मगच व्याह्यांच्या हाती देतात. शुक्रवारी सकाळी व्याही येणार होते. साडेदहाला राहुकाळ लागणार, म्हणजे पत्रिका त्याआधी हवी. आणि व्याही निवृत्त हेडमास्तर! दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका लाल पेन्सिलीनं सुधारून परत पाठवणारे.

"छापखान्यांतल्या वेदाचलमला कागदावर लिहून दे रे, लौकर होईल," अप्पा आठवडाभर सांगत होते.

"दहा मिनिटांचं काम अहे, अप्पा," मी आठवडाभर सांगत होतो.

शुक्रवारी आठ वाजता मी फ्लॉपी घेऊन वेदाचलमच्या छापखान्यात पोचलो. त्यानं नुकताच नवा कंप्यूटर घेतला होता. शिशाच्या अक्षरांचे जुने खिळे मागच्या खोलीत धूळ खात होते. इंग्रजी मजकूर पडद्यावर आला. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर गायब, त्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं घेतलेली भलतीच अक्षरं!

"सार," वेदाचलमनं तमिळमध्ये विचारलं, "मुलगी फ्रान्सला देताय?"

मी हसलो, जाणकारासारखा. मग फॉन्ट बदलला. चुका जास्त सुबक दिसू लागल्या. अक्षरं मोठी केली. चुका लांबून दिसू लागल्या. मशीन बंद करून चालू केलं. वेदाचलम शेजारी बसून शांतपणे इडली खात होता. नऊ वाजता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा घरचा प्रोग्राम जुना, तो प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आपली गुप्त खूण करून ठेवी. ह्या नव्याला ती खूण कळत नव्हती. मजकूर नुसता साधा, बिनखुणांचा साठवला की झालं! मला इतका आनंद झाला की मी वेदाचलमचा हात धरून हलवला. हातात इडली होती.

सायकल हाणत घरी आलो, फाइल साधी करून फ्लॉपीवर घेतली आणि देवघरातल्या अत्याला ओसरीतून ओरडून सांगितलं, "अत्या, पत्रिका झाली! ह्या फ्लॉपींत अहे!" मग दोन घोट कॉफी प्यायला आत गेलो. ते दोन घोट मला फार महागात पडले.

बाहेर आलो तर फ्लॉपी तिच्या कागदी पाकिटात नीट घालून ठेवलेली. अत्या म्हणजे टापटिपीची! पाकीट खिशात घातलं, छापखाना गाठला आणि घड्याळाकडे बघत फ्लॉपी मशीनमध्ये सारली. आतून खर्रर्र आवाज आला. मग काहीच आलं नाही.

वेदाचलमनं चिमट्यानं ती ओढून काढली. चारही कोपऱ्यांना ओली हळद, आणि मधल्या उघड्या फटीत, जिथे बोटसुद्धा लावू नये म्हणून मी वर्गात तासभर शिकवत असे, तिथे कुंकवाचा ठसठशीत टिळा.

"मशीन गेलं, सार."

साडेनऊ झाले होते. सुमतीच्या लग्नाचा पहिला अपशकुन भाऊच करणार, ह्या विचारानं माझे डोळे भरून आले. वेदाचलमनं माझ्याकडे एकदा पाहिलं, हात धुतले आणि मागची खोली उघडली. मी मजकूर सांगत गेलो, तो खिळे जुळवत गेला. दहा वाजून वीस मिनिटांनी ओली पत्रिका घेऊन मी घरात शिरलो. अत्यानं पुन्हा हळद लावली.

"अत्या, फ्लॉपीला कशाला लावलीस?"

"तूंच सांगिटलास कीं, पत्रिका हेंत अहे म्हणून."

हेडमास्तरांनी पत्रिका दोनदा वाचली. लाल पेन्सिल खिशातच राहिली. "एकही चूक नाहीं. कंप्यूटरचं कामच वेगळं!" अप्पांनी अभिमानानं माझ्याकडे बोट केलं, आणि मी, निर्लज्जासारखा, मान लववून नमस्कार केला.

त्या वर्षी साक्कोट्टैपासून पट्टीश्वरमपर्यंतच्या नातेवाइकांनी माझ्याकडूनच 'कंप्यूटर-पत्रिका' करून घेतल्या. मी त्या सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून वेदाचलमला नेऊन देत असे.