पाण्याची फळी
मोरोझुमी मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांची प्रश्न विचारायची खोड काही निवृत्त झाली नाही. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. पुढे शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा आमच्या नागासे वाडीलाच त्यांनी वर्ग समजायला सुरुवात केली. मुळा धुवायला बसलं तरी हा माणूस वही काढून विचारणार, "फुमीसान, तुम्ही मुळा ह्याच दगडावर का धुता? त्या दगडावर का नाही?" मी म्हणायचे, "सासू इथं धुवायची म्हणून." हे तो लिहून घ्यायचा! अशा सदतीस वह्या भरल्या होत्या. वाडीत त्यांचं नाव का-मास्तर पडलं होतं, आणि ते पाडणारी मीच.

वह्या भरायला त्यांना वेळ मिळायचा तो पाण्याच्या कृपेने. वाडीत अठरा घरं, आणि डोंगरातून येणारा पाट एकच. लावणीच्या दिवसांत पाणी आधी सगळ्यात खालच्या खाचराला, मग त्याच्या वरच्याला, असं चढत जायचं. सगळ्यात खालचं खाचर माझं, सगळ्यात वरचं मास्तरांचं. माझं खाचर भरलं की मी पाण्याची फळी घेऊन वरच्या घरी जायचे. ताटलीएवढी, जाड, गोल फळी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. ती ज्याच्या हातात, त्याची पाळी. मास्तरांकडे ती सगळ्यात शेवटी पोचायची. तोवर ते बांधावर बसून लिहीत.

मला ह्या फळीचा भारी कंटाळा. पहाटे उठा, दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढा, आणि वरच्या घरी चहा, लोणचं, सुनेची गाऱ्हाणी हे सगळं पोटात घातल्याशिवाय सुटका नाही. म्हणून नगर कार्यालयाने पाटाला स्वयंचलित दारं बसवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी.

योजना घेऊन इशिगुरो नावाचे इंजिनिअर आले होते. कोटावर शाश्वत विकासाचा रंगीत गोल बिल्ला, बोलणं गोड. प्रत्येक खाचराला सौरऊर्जेवर चालणारं दार, आणि पाणी आधी वरच्यांना. "खालून वर जाण्यात फार पाणी जिरतं," ते म्हणाले. "वरून खाली आलं की पाचवा हिस्सा वाचतो."

मास्तर उठले. हाताने काढलेले नकाशे भिंतीला लावून चाळीस मिनिटं बोलले. कोण कोणाकडे फळी नेतं, कोणाचं कोणाशी वाजलं, दुष्काळात काय झालं. दहाव्या मिनिटाला माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ते विचारत होते, "ह्या योजनेत उतार आहे, माती आहे, ऊन आहे. माणसं कुठं आहेत?"

"आहेत ना," इशिगुरोंनी पान उलटलं. "घरं, अठरा."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले. "मास्तर, पाणी उतारावरून येतं, इतिहासातून नाही," असंही वर म्हणाले. मास्तर खाली बसले आणि माझं ते वाक्यसुद्धा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दारं बसली. ती फळी मी घरी आणली आणि लोणच्याच्या बरणीवर दाबायला ठेवली. मापात अगदी चपखल बसली.

एप्रिलमध्ये पाट साफ करायचा दिवस आला. दर घरातून एक माणूस यायचा, फावडं घेऊन उगमापासून माझ्या खाचरापर्यंत गाळ काढायचा, ही आमची जुनी रीत. ज्याला जमणार नाही त्याने साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली पाठवायची, म्हणजे कोणी रागावायचं नाही. एरवी एखाद-दुसरी बाटली यायची. त्या वर्षी बाटल्या चौदा आल्या, माणसं चार. आम्ही खालच्या टोकाचे तिघं, आणि मास्तर. सगळ्यात वरचा माणूस कशाला आला कळेना. वहीसाठी आला असेल, असं आम्ही ठरवलं. चौघांनी होईल तेवढं केलं आणि उरलेला दिवस चौदा बाटल्यांकडे बघत बसलो. रागावायचं कोणावर? सगळ्यांनी रीत पाळली होती.

जूनमध्ये लावणी झाली आणि माझ्या खाचराला भेगा पडायला लागल्या. दार वेळेवर उघडायचं, हिरवा दिवा लागायचा, पाणी नाही. नागोयाहून मुलाचा फोन आला, "आई, एवढं वर्ष बघ, नाहीतर खाचर सोड आणि इकडे ये." त्याच्या घरात सहाव्या मजल्यावर मला मुळा धुवायला दगडसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. पहिलं पाणी कोणाला मिळतं? मास्तरांना! आज त्यांना चार शब्द ऐकवायचेच, म्हणून मी कोरड्या पाटाच्या कडेने वर निघाले.

वाटेत पाट पानांनी, गाळाने तुंबलेला. वरून चौथ्या घरापासून पुढे मात्र तळ दिसेल इतका स्वच्छ. आणि वर पोचले तर मास्तरांच्या खाचराला माझ्याहून मोठ्या भेगा. रोपं पिवळी. दाराच्या तोंडाशी दगड-माती रचून त्यांनी आपल्याच खाचरात शिरणारं पाणी अडवलेलं. स्वतः चिखलाने माखलेले, बाजूला फावडं, आणि मांडीवर अर्थातच वही.

"हे काय?" मी म्हणाले. "पाणी दारात आलंय आणि तुम्ही… का?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मी त्यांना विचारला.

"फळी आली नाही ना अजून," मास्तर म्हणाले.

मला रडू आलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस एकटा वरून खाली गाळ काढत येत होता, आणि त्यांची फळी माझ्या लोणच्यावर.

दोन दिवसांनी सभा बोलावली. मास्तर उभे राहिले तशी मंडळी झोपायच्या तयारीने सैलावली. ते फक्त म्हणाले, "आज फुमीसान सांगतील," आणि बसले. मी फळी काढून इशिगुरोंच्या कागदांवर ठेवली.

"साहेब, तुमचं गणित बरोबर आहे. पण वरच्याला पाणी शेवटी मिळायचं, म्हणून तो खालपर्यंत पाट साफ करायला यायचा. आता त्याला पहिलं मिळतं. मग तो कशाला येईल? तो बाटली पाठवील."

वाडीप्रमुख ताकेई, त्यांचं घर वरून दुसरं, खाकरले. "बाटली चांगली होती पण," ते पुटपुटले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

इशिगुरो बराच वेळ फळी उलटसुलट करत होते. "क्रम उलटा करायला अर्धा तास लागेल," ते म्हणाले. "मास्तर, त्या वह्या मला वाचायला द्याल?"

"सदतीसही?" मास्तरांचा चेहरा असा खुलला की त्या बिचाऱ्या इंजिनिअरची मला कीव आली.

रविवारी सतरा घरांची माणसं पाटात उतरली. बाटली एकच आली, ती मोडलेल्या पायाच्या आजोबांची. तिसऱ्या दिवशी माझं खाचर भरलं. इशिगुरो म्हणाले होते, आता फळीची गरज नाही, दिव्यावरून कळेल. तरी पहाटे उठून, गुडघ्यांना शिव्या देत, मी ती वरच्या घरी नेली. चहा प्यायले, लोणचं खाल्लं, सुनेची गाऱ्हाणी ऐकली. काही दिवसांनी ती घराघरांतून चढत शेवटच्या बांधावर पोचली, तेव्हा मुद्दाम मीही तिथे होते.

मास्तरांनी फळी दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी नेली.

"फुमीसान, हिला लोणच्याचा वास का येतो?"

सासूवर ढकलणं सोपं होतं. पण मी खरं काय ते सांगितलं, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबले.